करड्या रंगाचा शनिवार

नाटकाला समीक्षक असतो, पुस्तकाला असतो, गाण्याला तर समोर बसलेला प्रत्येक जण असतो. कपड्यांना मात्र आपल्याकडे समीक्षक नाही. लग्नात बायका एकमेकींच्या पदराला हात लावून "कुठनं घेतली गं?" म्हणून विचारतात ती समीक्षा नव्हे, ते ऑडिट. त्यामुळे रविवारच्या पुरवणीत 'या शरदात काय घालाल?' असा लेख आला, की त्याला जाब विचारायला कोणी उरत नाही. मी साधा बी. कॉम. कपड्यांतलं मला काही कळत नाही, असं आमची सौ. गेली वीस वर्षं सांगते आहे. पण कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाची एक सोय असते. त्याला सगळं जग कमरेपासून वर, समोरून आणि एका रांगेत दिसतं. वर त्यातला प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत निमूट उभा असतो. कपडे बघायची एवढी चांगली बैठक पॅरिसातही पैसे मोजून मिळत असेल.

तर त्या पुरवणीतल्या लेखाविषयी. त्यात म्हटलं होतं, की शरद हा पानगळीचा ऋतू, तेव्हा पानगळीचे रंग घाला. विटकरी, तपकिरी, मोहरी. अंगावर एकावर एक तीन थर घाला, वरती लोकरीचा सैलसर कोट टाका, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट घाला.

ही पानगळ मी लोणी भापकरात फार शोधली. आमची शाखा याच गावात. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कालवा आणि ऊस येतो. पण तालुक्याला दुसरी बाजूही आहे, मोरगाव-सुप्याकडची. तिला जिरायती पट्टा म्हणतात आणि लोणी त्यात मोडतं. इथे शरदात बाजरी खुडायला आलेली असते, परतीच्या पावसाची वाट तरी बघत असतात नाहीतर त्याला शिव्या तरी घालत असतात, आणि दुपारी बाराला पत्रा असा तापतो, की तीन थर घालून निघालेला माणूस स्टँडपर्यंत पोचायच्या आत एका थरावर येईल. निंब हिरवा, बाभळ हिरवी, रस्त्याकडेची घाणेरीसुद्धा हिरवी. आमच्याकडे पानं गळतात शिशिरात, म्हणजे मार्च एंडच्या आगेमागे. त्या सुमाराला बँकवाल्याचं बाकीचंही बरंच काही गळालेलं असतं, म्हणून पानांकडे लक्ष जात नाही इतकंच.

पायातल्या बुटांचं तर विचारूच नका. शरदातले पहिले नऊ दिवस गावातली निम्मी तरणी पोरं अनवाणी असतात. घट बसले की पायातली वहाण गेली. पैसे भरायला आलेला पोरगा फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा असतो, कारण बाहेरचा डांबरी रस्ता त्याच्या तळव्यात अजून शिल्लक असतो.

पण टीकाकाराने नुसतं झोडपू नये. त्या लेखातली एक सूचना मला मनापासून पटली. 'अंगापेक्षा दोन मापं मोठा असा पुरुषी शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, बटणं सैल, खाली काहीही.' ही यंदाची नवी लाट आहे म्हणे. नवी! बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ही लाट कित्येक वर्षं उभी आहे आणि अजून ओसरलेली नाही. रानात कामाला जाणारी बाई बघा. साडी नेसलेली, साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल किंवा फडकं घट्ट बांधलेलं. दसरा-दिवाळी उलटली की सोमेश्वरच्या, माळेगावच्या, भवानीनगरच्या साखर कारखान्यांकडे बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतली प्रत्येक बाई याच पोशाखात असते.

या पोशाखाची समीक्षा करायची तर त्याच्या कारणापासून करावी लागते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते आणि अंगावर कूस असते. उघड्या दंडावर ती ओढली गेली, की रात्रभर आग होते. बाजरीत, गवतात कुसळं. वरून ऊन. ब्लाउजची बाही कोपराच्या वर संपते आणि पुढचा सगळा हात उसाच्या ताब्यात जातो. म्हणून शर्ट. हा कपडा कोणी काढला, पहिल्यांदा कोणत्या बाईने नवऱ्याचा शर्ट खुंटीवरून ओढून अंगावर चढवला, याची कुठे नोंद नाही. पण त्या बाईने एका दगडात तीन पक्षी मारले. हात वाचले, साडी वाचली, आणि तिला खिसा मिळाला.

खिशाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. माझ्या खिडकीत ज्या नोटा येतात त्यांच्याकडे बघून मी त्या कुठून निघाल्या ते सांगतो. कनवटीची नोट गुंडाळी होऊन येते. बटव्यातली नोट सोळा घड्यांची असते आणि तिला सुपारीचा वास असतो. पोलक्यातली नोट ओली असते. ती मी मोजत नाही, आधी पंख्याखाली ठेवतो. बाईच्या कपड्याला खिसा ठेवायचा नाही असं कोणी ठरवलं कोण जाणे; साडीला नाही, पोलक्याला नाही. एवढे मोठाले बोहारी, शिंपी, डिझायनर होऊन गेले, पण प्रश्न सोडवला तो नवऱ्याच्या जुन्या शर्टाने. त्या खिशात मोबाइल राहतो, मिश्रीची डबी राहते, आणि खात्यावर पैसे आल्याचं कळलं की रानातूनच सरळ बँकेत यायचं तर पासबुकही राहतं. शर्टाच्या खिशातली नोट एका घडीची आणि कोरडी असते. माझं या फॅशनला दहापैकी नऊ गुण. एक गुण कापला, कारण या शर्टाची मालकीण अजूनही तो 'त्यांचा' म्हणते.

बाकीच्या लाटांचंही असंच. तुकडे जोडून शिवलेली जाकिटं परदेशात दुकानाच्या काचेत टांगलेली असतात म्हणे. आमच्याकडे जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची ती जाकिटं जमिनीवर अंथरतात आणि तिला गोधडी म्हणतात. डोक्यावरून घालायची लोकरी खोळ म्हणजे तर सरळ सरळ धनगराची घोंगडी. तिची खोळ करून माणूस पावसात मेंढरांमागे दिवसभर हिंडतो आणि कोरडा घरी येतो. आणि चपलांची गंमत तर ताजीच आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा नावाच्या बड्या कंपनीच्या प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत जे दिसलं, ते इथल्या माणसांनी लांबूनच ओळखलं. कोल्हापुरी! कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव नव्हतं. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं मिळून भौगोलिक मानांकन मिळालेलं, म्हणजे तिचा सातबारा अगदी स्वच्छ होता. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने पारंपरिक भारतीय चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं. उताऱ्यावर नाव लावून घ्यायला तलाठ्याकडे किती हेलपाटे पडतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे काम फारच लवकर झालं असं वाटेल.

मात्र आपल्याकडची शरदातली खरी फॅशन, जिच्यावर या लेखाचा सगळा रोख आहे, ती नवरात्राच्या नऊ रंगांची. या फॅशनपुढे पॅरिस फिकं. एका ठरलेल्या दिवशी महाराष्ट्रातल्या लाखो बायका एकाच रंगात घराबाहेर पडतात आणि कुणी हुकूम काढलेला नसतो. काढला असता तर एकीनेही ऐकलं नसतं.

पुष्कळांना वाटतं, की हे देवीभागवतात कुठेतरी लिहिलेलं असणार. मुळीच नाही. हे वर्तमानपत्रातून आलं. मुंबईच्या 'महाराष्ट्र टाइम्स'ने २००३-०४ च्या सुमारास रोजचा एक रंग छापायला सुरुवात केली, त्या त्या रंगातल्या बायकांचे फोटो मागवले, आणि लोकलच्या बायकांच्या डब्यात ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. ऑफिसं, शाळा, दवाखाने करत करत ती आमच्यापर्यंत आली. वीस वर्षांत तिचं व्रत झालं. आता नवीन लग्न झालेल्या मुली सासूला विचारतात, "तुमच्याकडे आज कुठला असतो?" आणि सासूही 'आमच्याकडे पूर्वापार' असं म्हणून पेपर बघून सांगते.

यादीमागचं गणित सोपं आहे आणि तेवढं मला जमतं. सात रंग वारांना बांधलेले. रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा. नवरात्र कोणत्या वारी बसतं ते बघायचं आणि तिथून सुरुवात करायची. सात संपले, की वार पुन्हा येतात. तेव्हा गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले दोन काढायचे. २०२५ साली तिथी वाढून नवरात्र दहा दिवसांचं झालं, तेव्हा हे राखीव रंग कामाला आले. राखीव निधी असावा तो असा.

टीकाकार म्हणून मात्र एक आक्षेप नोंदवतो. वारांना रंग ग्रहांवरून दिले असं धरलं, तर सोम पांढरा, मंगळ लाल, गुरू पिवळा इथपर्यंत खातं जुळतं. पण बुधाचा रंग हिरवा, असं कोणताही ज्योतिषी झोपेत सांगेल. यादीत बुधवारी निळा आहे आणि हिरवा गेला आहे शुक्रवारी, शुक्राच्या घरी. म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा. आमच्याकडे असं झालं तर संध्याकाळी सातपर्यंत कोणाला घरी सोडत नाहीत. शनीचा रंग काळा. तो सणासुदीला चालायचा नाही म्हणून पाणी घालून करडा केला असावा, असा आपला माझा अंदाज.

आणि या करड्यानेच सगळा घोळ होतो. लाल, हिरवी, पिवळी साडी प्रत्येक घरात असते. पांढरी नसली तर 'ऑफ व्हाइट' म्हणून काहीतरी निघतं. पण करडी साडी हौसेने कोण घेतं? ओटी भरायला कोणी देत नाही, लग्नात कोणी नेसवत नाही. मग ती त्या एका शनिवारासाठी विकत आणायची. साधी सुरती साडी चारशेला धरली तरी नऊ रंगांचे छत्तीसशे होतात. आमच्या शाखेतल्या बायकांनी यावर चांगला तोडगा काढला. एकीची निळी दुसरीकडे, दुसरीची मोरपंखी तिसरीकडे. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात पिशव्यांची अशी देवघेव चालते, की तिला क्लिअरिंगच म्हणावं. फक्त त्या क्लिअरिंगमध्ये यायला आधी कपाटात काहीतरी शिल्लक लागते.

तरीही मी या फॅशनच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण आमच्या एक पेन्शनर बाई आहेत. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. वर्षभर फिकट, पदर खांद्यावरून घट्ट. नवरात्रातल्या एका मंगळवारी हयातीच्या दाखल्याचं विचारायला आल्या त्या चांगल्या लालभडक साडीत. मी बघतो आहे असं पाहून म्हणाल्या, "आज सगळ्यांनीच घालायचाय ना." या 'सगळ्यांनीच'मध्ये फार मोठी गोष्ट आहे. हळदीकुंकवाचं आमंत्रण कपाळ बघून जातं. रंगांची ही यादी पेपरात छापून येते, आणि पेपर दारात टाकणारा पोरगा आत कोण राहतं ते विचारत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसायच्या, बांगड्या फोडायच्या प्रथा बंद केल्या. तो ठराव करायला धैर्य लागलं. पेपरवाल्यांनी अंक खपावा म्हणून केलेल्या एका गमतीत त्याच कामातलं थोडंसं आपोआप होऊन गेलं, कुणाच्या लक्षातही न येता. याचे गुण मी पूर्ण देतो.

आता जिथे गुण कापायचे ते. फोटो.

रंग नेसायचा तो हल्ली नेसण्यासाठी राहिलेला नाही, फोटोसाठी राहिला आहे. शाखा उघडली की दहा मिनिटांत फोटो निघायला हवा, कारण दुसऱ्या शाखेचा ग्रुपवर आधी पडला तर दिवस वाया जातो. २०२४ साली घट गुरुवारी, ३ ऑक्टोबरला बसले. आमच्याकडे तेव्हा बायका चार. मॅनेजर मॅडम, कर्जाच्या मॅडम, नवीन लागलेली क्लार्क मुलगी, आणि झाडलोटीच्या मावशी. पण फोटोत तीन. चौथी फोटो काढायला. कोणी मावशींना 'तुम्ही नको' म्हटलं नव्हतं. गुरुवारी त्या पिवळ्यात नव्हत्या, शुक्रवारी हिरव्यात नव्हत्या. मोबाइल कोणीतरी धरायला हवाच होता आणि त्यांचा हात रिकामा होता. सगळं इतकं साधं होतं, की खटकायलासुद्धा जागा नव्हती. शिवाय फोटो त्या चांगला काढायच्या. "मॅडम, जरा हिकडं. पदर दिसंना." असं सांगून काढायच्या.

शनिवारी करडा. ऑक्टोबरमधला पहिला शनिवार, म्हणजे बँक चालू. मॅनेजर मॅडम चंदेरी नेसून आल्या. कर्जाच्या मॅडमची काळसर होती, तिला त्या 'डार्क ग्रे' म्हणत होत्या. मुलीचा ड्रेस निळ्याकडे झुकत होता. तिघींची खिडकीच्या उजेडात बरीच तपासणी झाली आणि एकीचाही रंग मंजूर होईना. तेवढ्यात मावशी फडकं पिळून आत आल्या, मोबाइलसाठी हात पदराला पुसत. त्या हाताकडे बघता बघता मुलगी ओरडली, "अहो, मावशीच करड्या आहेत!"

खरंच होत्या. पेपरात छापला होता तंतोतंत तो.

"ही व्हय?" मावशी आपल्याच साडीकडे बघत म्हणाल्या. "ही जांभळी हाय मॅडम. थोरलीच्या लग्नातली. धुऊन धुऊन आशी झालीया."

मॅनेजर मॅडमनी त्यांना हाताला धरून मधे उभं केलं. मोबाइल माझ्याकडे आला. मावशी कॅमेऱ्याकडे बघेनात. मधून मधून पदराचा काठ चिमटीत धरून बघत होत्या. काठाच्या आतल्या घडीत, जिथे ऊन आणि साबण पोचला नव्हता, तिथे बोटभर जांभळा अजून होता. तो त्या मुलीला दाखवत होत्या. फोटोत त्यांची मान खाली आली आहे. ग्रुपवर त्या फोटोला वाहवा मिळाली. एका शाखेने विचारलं, "मधल्या मॅडमची साडी कुठली?"

सोमवारी पांढरा होता. मी आत शिरलो तर मावशी मोबाइल घेऊन खुर्चीवर चढलेल्या आणि तिघी समोर उभ्या. "या सायेब, बाजूला व्हा, उजेड आडतोय," म्हणाल्या.

यावर कोणी म्हणेल, मावशींना एक साडी घेऊन द्यावी. कर्जाच्या मॅडमनी दसऱ्याला घेऊन दिलीही, चांगली गुलाबी. पण तो यादीचा दोष घालवायचा उपाय नव्हे. माझी संपादक मंडळींना सूचना अशी, की राखीव रंगांत एक 'विटका' घालावा. वर्षातून एक दिवस प्रत्येकीने घरातली सर्वांत जास्त धुतलेली साडी नेसून यायचं. या एका रंगाची कोणाला खरेदी करावी लागणार नाही, आणि कोणाची साडी मूळ कुठल्या रंगाची होती हे सांगण्यात सकाळचा सगळा वेळ जाईल. कपडेवाल्यांच्या जाहिराती त्या दिवशी मिळणार नाहीत, हे मला समजतं.

पुरुषांविषयी लिहायचं राहिलं, पण तिथे मजकूरच कमी. पुढारी पांढऱ्यात, पुढाऱ्यामागचे पांढऱ्यात, आणि पांढऱ्याला लागणारी इस्त्री घरच्या बाईकडे. मात्र दसऱ्याच्या दिवशी आमच्या गावच्या म्हाताऱ्यांची जी टोपी असते, तिच्या तोडीचं शरदात दुसरं काही मी पाहिलेलं नाही. घटाच्या मातीत नऊ दिवस उगवलेले धान्याचे पिवळट हिरवे कोंब उपटून टोपीच्या कडेला खोवलेले. खर्च शून्य, रंग ताजा, संध्याकाळपर्यंत सुकून जातो आणि पुढल्या वर्षी जपून ठेवायची भानगड नाही. पांढऱ्यावर तो हिरवा तुरा घेऊन म्हातारे एकमेकांना सोनं देत फिरतात, तेव्हा चांगले रुबाबदार दिसतात आणि ते त्यांना माहीतही असतं.

गावातला सगळ्यांत जुना पोशाख बघायचा तर मल्लिकार्जुनाच्या देवळाकडे जावं. देऊळ यादवकाळातलं मानतात, पुढे दगडी पुष्करणी आहे, आणि यज्ञवराहाची मूर्ती आहे. त्या वराहाच्या अंगावर दगडात कोरलेली झूल आहे आणि झुलीवर विष्णूच्या लहान लहान मूर्तींच्या रांगा. शेकडो वर्षं उन्हापावसाने धुऊन तिचाही रंग करडाच झाला आहे. आमच्या क्लार्क मुलीने तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'शनिवार'.

२०२५ साली करडा २७ सप्टेंबरला आला. चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. २०२६ ची घटस्थापना ११ ऑक्टोबरची, रविवारची. म्हणजे करडा सतरा तारखेला, तिसऱ्या शनिवारी, आणि सध्याच्या नियमाने त्या दिवशी बँक चालू. हे मी कॅलेंडर बघून मावशींना सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "तवर ती टिकाया पायजे."